पाचशे रुपयांचा कागद

एअर फिल्टरवर कुणी लेख लिहितं का? टायरवर लिहितील, अ‍ॅव्हरेजवर लिहितील, गाडीच्या मागे लिहिलेल्या शेरोशायरीवर तर पुस्तकं निघतील. फिल्टर मात्र बिचारा बॉनेटखालच्या काळ्या डब्यात बसलेला असतो. तो दिसत नाही, वाजत नाही, गळत नाही. खराब झाला तरी गाडी रस्त्यात उभी राहत नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल कुणाचं काही मत नसेल असं मला वाटायचं. पण आमच्या जुन्नर-आळेफाटा पट्ट्यात पिकअपवाल्यांच्या चार डोक्यांत बसा आणि नुसता विषय काढा. पाच मतं निघतील, आणि पाचही ठाम!

एक म्हणतो कंपनीचाच टाका. दुसरा म्हणतो कंपनीचा म्हणजे नुसता खोक्याचा पैसा, आतला कागद तोच. तिसरा म्हणतो फिल्टर बदलायची गरजच नाही, पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्यायची, झाला नवा. चौथ्याचा भाचा पुण्यात असतो, त्याने सांगितलेलं असतं की धुता येणारा कापडी फिल्टर मिळतो, एकदा टाकला की जन्माची कटकट गेली, शिवाय पॉवर वाढते. पाचवा काहीच म्हणत नाही, मिस्त्री जो टाकेल तो टाकतो. माझ्या अंदाजाने जगात या पाचव्याचीच संख्या जास्त.

आमच्या घरी पिकअप आहे. बोलेरो पिकअप, बीएस-४ मधली. दादाने ती हप्त्यांवर घेतली आणि हप्ते फिटले तेव्हा वहिनीने पेढे वाटले होते. पावसाळ्यात नारायणगावचा टोमॅटो, उन्हाळ्यात ओतूर आणि आळेफाट्याचा कांदा, अधूनमधून माळशेज उतरून कल्याण, वाशी. मी पुण्यात कॉम्प्युटरसमोर बसून पोट भरतो, त्यामुळे गाडीवर माझा हक्क फक्त सल्ले देण्यापुरता. पण या फिल्टरच्या भानगडीत मी जरा खोलात गेलो, आणि आता माझंही सहावं मत तयार झालंय. ते इथे मांडतो. पटलं तर घ्या.

आधी हे बघू की हे यंत्र हवा खातं तरी किती. अडीच लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन. दोन फेऱ्यांत एकदा ते आपल्या पोटाएवढी, म्हणजे अडीच लिटर हवा ओढतं. दोन हजार आरपीएमला धरलं तर मिनिटाला अडीच हजार लिटर. टर्बो जे जास्तीचं कोंबतो ते मी सोडूनच दिलं. आठ तास गाडी चालली की बारा लाख लिटर झाले, म्हणजे बाराशे घनमीटर. आमच्या गावातल्या देवळाचा सभामंडप काठोकाठ भरून वर उरेल एवढी हवा, रोज!

आणि डिझेलची एक खोड आहे. पेट्रोल गाडीत पाय उचलला की थ्रॉटलची झडप बंद होते, हवा कमी जाते. जुन्या डिझेलला अशी झडप नाही. तिथे पायाने कमी-जास्त होतं ते डिझेल. हवा मात्र इंजिन कायम पोटभरच घेतं. (बीएस-६ मध्ये प्रदूषणाच्या उपकरणांसाठी झडप आली आहे, पण ताकद ठरवायचं काम अजूनही डिझेलच्या पिचकारीकडेच आहे.) म्हणजे रिकामी गाडी हळू चालली तरी धूळ भरपूर आत जायचीच.

आता धूळ. डांबरी रस्त्यावरची धूळ म्हणजे काहीच नाही. वावरातून क्रेट उचलायला गाडी जाते तो रस्ता, फेब्रुवारीनंतर बांधावरून उडणारा फुफाटा, खडी क्रशरच्या शेजारून जाणारी वाट, आणि पुढे दुसरी गाडी. ही धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात सिलिका असते, आणि सिलिकाचा कण इंजिनच्या लोखंडी लायनरपेक्षा कडक असतो. पिस्टनची रिंग आणि लायनर यांच्यामध्ये ऑइलचा जो पापुद्रा असतो तो काही मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन. म्हणजे जो कण डोळ्याला दिसतसुद्धा नाही, पाच-दहा-वीस मायक्रॉनचा, तोच नेमका त्या पापुद्र्यात जाऊन बसतो आणि घासतो. दिसणारा खडा कुठलाही फिल्टर अडवतो हो, त्याला चाळणीही चालेल. प्रश्न न दिसणाऱ्याचा आहे.

आणि इथेच फिल्टर हा चाळणीसारखा चालत नाही हे समजून घ्यावं लागतं. कागदाच्या फिल्टरमध्ये तंतूंचं जाळं असतं. बारीक कण वाकड्यातिकड्या वाटेने जाताना कुठल्यातरी तंतूवर आपटतो आणि चिकटतो. मग त्या चिकटलेल्या कणांवर पुढचे कण अडकतात. धुळीचा एक थर बसतो आणि तो थरच फिल्टरचं काम करू लागतो. म्हणजे कोरा करकरीत फिल्टर हा सगळ्यात कमी अडवणारा असतो, आणि थोडा मळलेला त्याच्याहून चांगला! मला हे कळलं तेव्हा गंमत वाटली, कारण आमच्याकडे दर आठवड्याला फिल्टर काढून झटकणारा ड्रायव्हर हा काळजीवाहू समजला जातो. प्रत्यक्षात तो दर आठवड्याला फिल्टरची ताकद कमी करून परत बसवत असतो.

हवा मारण्याचं तर विचारूच नका. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर टायर भरायला असतो. त्याची नळी घडीला टेकवून दाबली की कागदाचे तंतू फाकतात, कधी डिंक सुटतो, कधी टाचणीएवढं भोक पडतं. वरून बघितलं तर फिल्टर स्वच्छ, पांढरा, नव्यासारखा. धूळ मात्र आता त्या भोकातून सुखाने आत. हवा मारायचीच वेळ आली तर आतून बाहेर, कमी दाबाने, लांबून, आणि नंतर आत बल्ब धरून कुठून जास्त उजेड येतो का ते अंधारात पाहायचं. पंक्चरच्या दुकानात हे सगळं कोण करणार? मी म्हणेन मारूच नका.

आता मुख्य भांडण. कंपनीचा, बाहेरचा की कापडी.

फिल्टर मोजायची एक जागतिक पद्धत आहे, आयएसओ ५०११. ठरलेल्या प्रतीची धूळ ठरलेल्या वेगाच्या हवेतून फिल्टरवर सोडतात, फिल्टर एका मर्यादेपर्यंत तुंबेस्तोवर सोडत राहतात, आणि मग किती धूळ अडली, किती निसटली ते तराजूवर मोजतात. अमेरिकेत २००० नंतरच्या दशकात जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाच्या पिकअपसाठी मिळणाऱ्या वेगवेगळ्या फिल्टरांची अशी स्वतंत्र चाचणी झाली. तिकडे पिकअप हा धंद्यापेक्षा हौसेचा विषय जास्त, त्यामुळे बाजारात प्रकार भरपूर. कंपनीच्या मूळ कागदी फिल्टरने ९९.९३ टक्के धूळ अडवली. तेल लावलेल्या कापडी जाळीच्या, धुता येणाऱ्या फिल्टरने ९६.८ टक्के.

ऐकायला काय, तीन टक्क्यांचा फरक! शाळेत ९९ आणि ९६ मिळवणारी दोन्ही पोरं हुशारच. पण इथे मार्क उलटे मोजायचे असतात. किती अडलं याला काहीच किंमत नाही, किती निसटलं ते बघायचं. पहिल्यातून ०.०७ टक्के निसटली, दुसऱ्यातून ३.२ टक्के. भागाकार करा. पंचेचाळीस पट. फिल्टरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात '९७ टक्के कार्यक्षम' लिहिलेलं असलं की मला आता ते 'शंभरातले तीन चोर आम्ही घरात घेतो' असं दिसतं.

आपल्या गाडीला हिशोब लावू. धुळीच्या रस्त्यावर घनमीटरला दहा मिलिग्रॅम धूळ आहे असं समजा (समजा म्हणतोय, मोजलेली नाही). बाराशे घनमीटरला बारा ग्रॅम. ९९.९ टक्केवाल्या फिल्टरमधून दिवसाला बारा मिलिग्रॅम निसटेल. ९७ वाल्यातून तीनशे साठ. शंभर दिवसांच्या हंगामात पहिल्यात सव्वा ग्रॅम, दुसऱ्यात छत्तीस. छत्तीस ग्रॅम पावडर तळहातावर घेऊन बघा आणि मग ती कुणी तुमच्या इंजिनच्या तोंडात ओतली तर चालेल का ते सांगा.

त्याच चाचणीतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कापडी फिल्टर मूळ कागदी फिल्टरच्या जवळजवळ तिप्पट वेगाने तुंबला. म्हणजे 'जास्त हवा देतो' हा त्याचा जो गुण सांगतात तो नवा असेपर्यंतचा. कागदाला घड्या खूप, त्यामुळे पसारा मोठा, त्यामुळे धूळ साठवायला जागा मोठी. कापडी जाळीला एवढ्या घड्या घालता येत नाहीत.

आणि पॉवर वाढते म्हणतात त्याचं काय? डिझेलची ताकद ठरते ती आत सोडलेल्या डिझेलवर, आणि ते किती सोडायचं हे पंपाने किंवा ईसीयूने ठरवलेलं असतं. हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त असते. चांगल्या स्थितीतल्या कागदी फिल्टरचा अडथळा इतका किरकोळ की टर्बो तो सहज भरून काढतो. तेव्हा कारखान्यातून आली तशी असलेल्या गाडीला जास्त हवेचा फायदा शून्याच्या जवळ. अमेरिकेत लोक चिप बदलून डिझेल वाढवतात, मोठा टर्बो घालतात, शर्यती लावतात. तिथे वाढीव हवा लागते, आणि शर्यतीच्या इंजिनाने चार लाख किलोमीटर टिकावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. आमच्या पिकअपला शर्यत एकच, पहाटेच्या लिलावाआधी वाशीला पोचायची. ती फिल्टरने जिंकता येत नाही, वेळेवर निघाल्याने येते.

अ‍ॅव्हरेजचंही तसंच. २००९ साली अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून गाड्या चालवून पाहिल्या, तर आधुनिक पेट्रोल गाड्यांच्या अ‍ॅव्हरेजमध्ये लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. पळण्यात पडला. डिझेलचं तर आधीच सांगितलं, हवा तिथे उरलेलीच असते. अगदी गळा आवळेपर्यंत तुंबला, गाडी चढाला काळा धूर टाकायला लागली, तर डिझेल वाया जातंय हे खरं. पण तिथवर येईपर्यंत 'नवा फिल्टर टाका, दोनचा अ‍ॅव्हरेज वाढेल' हे काउंटरवरचं बोलणं. फिल्टर अ‍ॅव्हरेजसाठी टाकत नाहीत, इंजिनासाठी टाकतात.

कापडी फिल्टरवर माझा राग नाही. पुण्यात डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या, मालकाने स्वतः धुतलेल्या-पुसलेल्या हौशी गाडीत तो निमूट चालेल. पण त्याची एक शिस्त आहे. ठरलेल्या द्रावणाने धुवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा, हवा मारायची नाही, मग त्याचंच तेल मोजून लावायचं. कमी लावलं तर धूळ आत, जास्त लावलं तर तेलाचे तुषार उडून पुढच्या एअर फ्लो सेन्सरवर बसण्याची भीती. आता कल्पना करा: कांद्याचा हंगाम, रात्री दोनला वाशीहून परत, सकाळी सातला परत भरायची. ड्रायव्हर तो फिल्टर सावलीत वाळत घालेल? तो निरमाने धुणार, रेडिएटरसमोर धरून सुकवणार आणि डिकीत सापडेल ते ऑइल चोपडणार. त्याची चूक नाही. ज्या वस्तूला आठ तास आराम लागतो ती वस्तू आठ तास आराम नसलेल्या गाडीसाठी नाही, एवढंच.

गंमत म्हणजे तेल वापरून धूळ पकडायची कल्पना आमच्याकडे नवी नाहीच. अप्पांच्या काळच्या डिझेल जीपला आणि ट्रॅक्टरला ऑइल बाथ असायचा. खाली वाटीत ऑइल, हवा वरून येऊन तेलावर वळण घ्यायची, जड धूळ तेलात पडायची, उरलेली वरच्या जाळीत. अप्पा दर आठवड्याला वाटी काढून तळाचा चिखल बांधावर टाकायचे आणि नवं ऑइल भरायचे. तो चिखल बघून लोकांना वाटायचं, वा, किती घाण पकडली! पकडायचा, खरंच पकडायचा. पण इंजिन हळू फिरत असलं की हवेला जोर नसतो आणि बारीक धूळ वळण न चुकता हवेबरोबरच पुढे जाते. त्यामुळेच कागद आला. जुनं ते सोनं हे म्हणायला ठीक आहे, पण त्या काळी इंजिनं किती वेळा उघडायची तेही अप्पांनाच विचारा.

मग उरला बाहेरचा कागदी. इथे माझं मत जरा मवाळ आहे. बाहेरचा म्हणजे वाईट असं अजिबात नाही. गाडी बनवणाऱ्या कंपन्या फिल्टर स्वतः बनवत बसत नाहीत, फिल्टरवाल्यांकडून घेतात. आपल्या पुण्याची फ्लीटगार्ड आहे, एलोफिक आहे, बॉश, महले, मान आहेत. यांचा, तुमच्या गाडीच्या नंबरचा, खात्रीच्या दुकानातून घेतलेला फिल्टर मी डोळे झाकून घालीन. कंपनीच्या खोक्यापेक्षा शंभर रुपये कमी पडत असतील तर ते शंभर रुपये खुशाल वाचवा.

वाईट आहे तो तिसरा. ज्याच्या खोक्यावर ओळखीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे असतं. किंवा काहीच बदललेलं नसतं, हुबेहूब नक्कल असते, आणि दुकानदार विचारल्यावर म्हणतो, "फर्स्ट कॉपी आहे साहेब, ओरिजिनलच समजा." पाचशेचा दोनशेला. दादाच्या गाडीत असे दोन-तीन येऊन गेले. एका हंगामानंतर गाडी ऑइल खायला लागली. आधी अर्धा लिटर, मग लिटर. ब्रीदरमधून धूर, सकाळी स्टार्ट व्हायला कुरकुर. पिकअपला पिकअप नाही, असा आचरट विनोद मी केला आणि दादाने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. मिस्त्रीने इंजिन उघडलं. रिंगा गेलेल्या, लायनर घासलेले, टर्बोच्या पात्यांच्या कडा बोथट. पन्नास हजारांच्या वर खर्च आणि ऐन हंगामात बारा दिवस गाडी उभी. बारा दिवसांचं भाडं कुठल्याच बिलात येत नाही, पण वहिनीच्या वहीत आलं.

फिल्टरमुळेच झालं हे कशावरून? मीही हेच विचारलं. मिस्त्रीने फिल्टरनंतरचा, म्हणजे स्वच्छ बाजूचा पाइप काढला आणि आत बोट फिरवलं. बोटावर पिठासारखी धूळ. "भाऊ, हितं बोट कोरडं निघाय पायजे," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. ड्रायव्हर, दादा, मी, सगळे त्या बोटाकडे बघत उभे.

पुढच्या रविवारी मी अंगणात बसून काम केलं. काढलेला स्वस्तातला फिल्टर आणि एक खात्रीचा वापरलेला फिल्टर, दोन्ही ब्लेडने उभे चिरले आणि कागद पसरला. शेजारच्या पोरांना वाटलं पतंग करतोय. खात्रीच्याचा कागद ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि खाली लोंबला. स्वस्तातला ओट्याच्या दोन-तृतीयांशातच संपला. बाहेरून दोन्ही सारखेच जाड दिसत होते, कारण स्वस्तातल्याच्या घड्या विरळ होत्या, आणि फिल्टर बाहेरून बघताना घड्या कोण मोजतो? कागदही वेगळा. एक जरा ताठ, राळेत भिजवल्यासारखा. दुसरा वहीच्या पुठ्ठ्याआधीच्या पानासारखा, हाताला पिठूळ. पण सगळ्यात मोठा फरक होता टोकाच्या रबरात. खात्रीच्याचं रबर मऊ, दाबलं की दबून परत वर येणारं. दुसऱ्याचं कडक, नखही रुतेना, आणि एका बाजूला डब्यात बसल्याची खूण अर्धवटच उमटलेली. म्हणजे उरलेल्या अर्ध्यातून हवा कागदाला वळसा घालून सरळ आत जात होती. कागद ९९ टक्क्यांचा असता तरी काय उपयोग होता? दाराला कुलूप आणि शेजारची खिडकी सताड उघडी.

म्हणून फिल्टर घेताना मी आधी रबर दाबून बघतो. मग घड्या मोजतो, निदान जुन्याशेजारी ठेवून बघतो. दुकानदार हसतो, हसू दे. आणि फिल्टर बसवल्यावर डब्याच्या क्लिपा चारही लागल्यात का (एक तुटलेली असतेच), डब्यापासून टर्बोपर्यंतच्या रबरी पाइपाला चीर आहे का, क्लॅम्प घट्ट आहे का, हे बघतो. हे फुकटचं काम आहे, आणि भारी फिल्टरपेक्षा याचा गुण जास्त. पांढरं फडकं आत फिरवायचं. मिस्त्रीचं बोट, दुसरं काय.

आता बदलायचा कधी? पुस्तकात किलोमीटर दिलेले असतात आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की धुळीत चालत असेल तर लवकर. ती बारीक अक्षरं आपल्यासाठीच आहेत. मोठ्या ट्रकांना आणि बऱ्याच मशिनींना फिल्टरजवळ एक छोटा इंडिकेटर असतो, तुंबला की लाल दाखवतो. लाल दिसेपर्यंत डबा उघडायचाच नाही. पिकअपला तो नसेल तर किलोमीटरची वही. वारंवार उघडून बघणं हा सुद्धा धूळ आत सांडायचा एक मार्गच आहे.

हे सगळं तांत्रिक झालं. माझा खरा मुद्दा थोडा वेगळा आहे. इतकं साधं गणित, पाचशे विरुद्ध पन्नास हजार, आणि तरी दोनशेचाच फिल्टर का खपतो? लोक मूर्ख आहेत म्हणून? मला तसं वाटत नाही. आमचा दादा कांद्याच्या भावात चार आण्यांचा फरक झोपेतही सांगतो. गोम अशी आहे की फिल्टर घेणारा, घालणारा आणि इंजिनाचा खर्च भरणारा हे तिघं वेगळे असतात. गाडी सर्व्हिसला नेतो ड्रायव्हर, त्याला मालकाने दिलेत हजार रुपये, त्यात ऑइल, फिल्टर, ग्रीसिंग आणि चहा-नाष्टा बसवायचा. काउंटरवर मिस्त्री सांगेल तो ब्रँड. जिथे नफा जास्त, तो हात आधी पुढे येतो. आणि परिणाम कधी? वर्षा-दोन वर्षांनी. तोवर ड्रायव्हर दुसऱ्या गाडीवर, दुकानदाराला पावती मागणारं कुणी नाही, मालक म्हणतो, गाडीच तसली निघाली. डिझेल चोरलं तर त्याच दिवशी काटा सांगतो. फिल्टरने चोरलेलं कुठलाच काटा सांगत नाही.

त्यामुळे ड्रायव्हरला रागावून उपयोग नाही, असं मी दादाला सांगितलं. त्याला पटायला वेळ लागला. "तू काय, पुण्यात बसून बोलतो," हेही ऐकून घेतलं. पण शेवटी त्याने एक केलं: फिल्टरचे पैसे सर्व्हिसच्या हजारातून बाहेर काढले. एअर, ऑइल आणि डिझेल, तिन्ही फिल्टर तो स्वतः नारायणगावात एका दुकानातून पावतीने घेतो, दोन-दोन आणून घरात ठेवतो, आणि ड्रायव्हरच्या हातात वस्तू देतो, पैसे नाही. ड्रायव्हरला आधी ते अविश्वासाचं वाटलं. मग त्यालाच बरं वाटायला लागलं, कारण काउंटरवरची घासाघीस गेली आणि आळ पण गेला. आता बोट फिरवून तोच फोटो पाठवतो व्हॉट्सअ‍ॅपवर. काळं, तेलकट, धूळ लागलेलं बोट आलं नाही म्हणजे ठीक. (वहिनी विचारते, हे तुमच्या ग्रुपवर सारखे बोटाचे फोटो कसले?)

एक राहिलं. काढलेला जुना फिल्टर दादा आता तसाच टाकून देत नाही. कोयत्याने दोन तुकडे करतो आणि खोकं फाडून चुलीत घालतो. चांगल्या नावाच्या अख्ख्या खोक्याला बाजारात गिऱ्हाईक असतं, असं त्याला त्या मिस्त्रीनेच सांगितलं.